धंद्यापूर्वीची चौकशी आणि संशोधन-ग्रंथालयाचे साहाय्य

पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती पाहण्याची पद्धत आता अनेक गावांत रुजली आहे. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावयाचे, आठवडाभराने किती उगवले ते मोजावयाचे आणि त्यावरून एकरी बियाण्याचे प्रमाण ठरवावयाचे, यास फारसा खर्च येत नाही. ही चाचणी न घेतल्यास मात्र दुबार पेरणीची पाळी येऊ शकते. शेतमालावर प्रक्रिया करण्याचा किंवा तो दूरच्या बाजारात विकण्याचा धंदा सुरू करताना अशीच चाचणी घेण्याची सवय अद्याप आपल्या अंगवळणी पडलेली नाही. गट स्थापन होतो, भागभांडवल जमते, बँकेचे कर्ज मंजूर होते, यंत्रही येते. आणि त्यानंतर माल कोण घेणार, कोणत्या भावाने घेणार, या प्रश्नांचा विचार सुरू होतो. यंत्र एकदा बसले की त्याचे हप्ते कोणासाठी थांबत नाहीत.

धंद्याची ही उगवण-चाचणी म्हणजे माहितीची चौकशी होय. ती पद्धतशीर कशी करावी याचा उत्तम वस्तुपाठ मोठ्या संशोधन-ग्रंथालयांत पाहावयास मिळतो. ग्रंथालय म्हणजे कादंबऱ्या व वर्तमानपत्रे वाचण्याची जागा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु काही ग्रंथालये लहान कारखानदार, दुकानदार आणि संशोधक यांना धंद्यासंबंधीची माहिती शोधून देण्याचे काम नित्य करीत असतात. लंडन येथील ब्रिटिश ग्रंथालय (ब्रिटिश लायब्ररी) हे त्यांपैकी एक प्रमुख होय. त्याचे कार्य कसे चालते आणि त्यापासून आपल्या गावच्या कार्यकर्त्यांना काय घेता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ग्रंथालयाचा संग्रह

ब्रिटिश ग्रंथालय ही स्वतंत्र संस्था म्हणून १९७३ साली स्थापन झाली. तिचा मूळ संग्रह मात्र फार जुना आहे. १७५३ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश म्यूझियमचे ग्रंथालय आणि इतर काही राष्ट्रीय ग्रंथसंग्रह एकत्र करून ती बनविण्यात आली. लंडनच्या सेंट पँक्रस भागातील तिची सध्याची इमारत १९९७ साली वाचकांसाठी खुली झाली. पुस्तके, नियतकालिके, नकाशे, हस्तलिखिते, पेटंटांची वर्णने इत्यादी सर्व मिळून संग्रहात सतरा कोटींहून अधिक वस्तू आहेत. एवढा संग्रह लंडनमध्ये मावणे शक्य नसल्यामुळे त्याचा मोठा भाग यॉर्कशायरमधील बॉस्टन स्पा येथील कोठारांत ठेवलेला आहे.

हा संग्रह वाढतो तो मुख्यतः कायद्याच्या बळावर. ब्रिटनमध्ये प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक मुद्रित प्रकाशनाची एक प्रत प्रकाशकाने या ग्रंथालयास विनामूल्य पाठवावी असा तेथील नियम आहे. २०१३ सालापासून हा नियम संगणकीय स्वरूपाच्या प्रकाशनांनाही लागू झाला. त्यामुळे एखाद्या धंद्याची मूल्यसूची, व्यापारी मासिक किंवा जुनी नामावली इतरत्र कोणी जपून ठेवली नसली, तरी येथे सापडण्याचा संभव असतो. धंद्याचा अभ्यास करणाऱ्याला कित्येकदा अशाच किरकोळ वाटणाऱ्या कागदांची गरज पडते.

पेटंटाचे दप्तर सर्वांसाठी खुले झाले

धंदेवाईक वाचकांना साहाय्य करण्याची या ग्रंथालयातील परंपरा समजून घ्यावयाची तर १८५५ साली लंडनमध्ये उघडलेल्या पेटंट कार्यालयाच्या ग्रंथालयाकडे वळावे लागते. पेटंट, म्हणजेच एकस्व, हा नव्या शोधाबद्दल सरकारने संशोधकास ठराविक मुदतीपुरता दिलेला एकाधिकार होय. त्याच्या मोबदल्यात संशोधकाने आपला शोध संपूर्णपणे लिहून जाहीर करावयाचा असतो.

परंतु इंग्लंडमध्ये १८५२ सालच्या कायद्यापूर्वी ही वर्णने वेगवेगळ्या कचेऱ्यांच्या दप्तरांत गुंडाळ्यांच्या रूपाने पडलेली होती. ती पाहण्यास शुल्क आणि पुष्कळ वेळ लागे. एखाद्या कारागिराने वर्षभर खपून एखादी युक्ती काढावी आणि मागाहून तीच युक्ती पूर्वीच कोणाच्या तरी नावे नोंदलेली आहे असे आढळावे, हे सहज घडू शकत असे. स्वतः यंत्रांचे शोध लावलेले बेनेट वुडक्रॉफ्ट हे गृहस्थ पेटंट कार्यालयात आल्यावर त्यांनी १६१७ ते १८५२ या काळातील सुमारे चौदा हजार पेटंटांच्या सूची तयार करविल्या. एक सूची कालक्रमाने, दुसरी संशोधकांच्या नावांप्रमाणे आणि तिसरी विषयवार. वर्णने छापून स्वस्तात विकण्याची व गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांना देण्याची व्यवस्थाही झाली.

यातील मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. कागद पूर्वीही होते, सूची मात्र नव्हती. सूची झाल्याबरोबर तेच कागद कारागिराच्या उपयोगी पडू लागले. पुढे या ग्रंथालयाचा संग्रह ब्रिटिश ग्रंथालयात आला.

व्यवसाय व बौद्धिक संपदा केंद्र

२००६ साली ब्रिटिश ग्रंथालयाने लहान धंदेवाल्यांसाठी ‘व्यवसाय व बौद्धिक संपदा केंद्र’ या नावाचा स्वतंत्र विभाग उघडला. पुढे लीड्स, मँचेस्टर, लिव्हरपूल, न्यूकॅसल, बर्मिंगहॅम इत्यादी शहरांतील सार्वजनिक ग्रंथालयांतूनही अशी केंद्रे सुरू करण्यात आली. राजधानीतील मोठ्या ग्रंथालयाचे काम गावच्या ग्रंथालयापर्यंत नेण्याची ही योजना आपल्या विस्तार-कार्याशी बरीच जुळती आहे.

या विभागाचे महत्त्व एका साध्या गोष्टीत आहे. बाजारपेठेचा अभ्यास करून अहवाल विकणाऱ्या खासगी कंपन्यांच्या एकेका अहवालाची किंमत कित्येकदा हजार पौंडांहून अधिक असते. मोठी कंपनी ती सहज देते. दोन-चार माणसांचा नवा धंदा ती देऊ शकत नाही. ग्रंथालय वर्गणी भरून हे अहवाल व माहितीसंग्रह आणते आणि आपल्या जागेत बसून पाहणाऱ्यास विनामूल्य उपलब्ध करून देते. गावातील एका शेतकऱ्याला मळणीयंत्र परवडत नाही, म्हणून सहकारी संस्था ते विकत घेते आणि सर्वांना वापरावयास देते. त्याच तत्त्वावरील ही सोय होय. याखेरीज शोध कसा घ्यावा हे शिकविणारे वर्ग आणि जाणकारांशी समक्ष सल्लामसलत यांचीही तेथे व्यवस्था असते.

चौकशीचे चार भाग

धंद्याविषयीची चौकशी सर्वसाधारणपणे चार भागांत विभागता येते. हे भाग समजण्यासाठी आपल्याकडील उदाहरण घेऊ. समजा, सांगली भागातील काही शेतकऱ्यांच्या गटाला हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून तिची पूड बांधून विकावयाची आहे. आणि पुढेमागे काही माल लंडनच्या दुकानांत पाठवावा असाही मानस आहे.

पहिला भाग बाजारपेठेचा. हळदीची पूड कोण विकत घेतो, घरगुती गिऱ्हाईक की मसाल्यांचे कारखाने, की औषधे बनविणारे? प्रत्येकाला हवा असलेला माल वेगळा असतो. कोणी रंग पाहतो, कोणी कुरकुमिनचे प्रमाण पाहतो. देशोदेशींच्या आयात-निर्यातीचे आकडे काढताना मालाचे नाव पुरेसे होत नाही. त्यासाठी आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा क्रमांक लागतो. हळदीचा हा क्रमांक ०९१०३० असा आहे. नुसते ‘मसाले’ म्हणून शोध घेतल्यास मिरची, जिरे, आले या सर्वांचे आकडे एकत्र हाती येतील आणि त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरेल.

दुसरा भाग प्रतिस्पर्ध्यांचा. त्या बाजारात आधीपासून कोण आहे, त्यांची उलाढाल किती, त्यांना नफा होतो की तोटा? ब्रिटनमधील मर्यादित कंपन्यांना आपले हिशेब सरकारी नोंदणी-कार्यालयाकडे पाठवावे लागतात आणि ते कोणासही पाहता येतात. लहान कंपन्यांचे हिशेब त्रोटक असतात हे खरे. तथापि ज्या व्यापाऱ्याला उधारीवर माल पाठवावयाचा, त्याची कंपनी मुळात अस्तित्वात आहे किंवा नाही आणि ती बुडण्याच्या मार्गावर तर नाही, एवढे तरी त्यांवरून कळते. परदेशी व्यापाऱ्याकडून पैसे अडकल्यावर करावयाच्या पत्रव्यवहारापेक्षा ही आधीची चौकशी पुष्कळच सोपी.

तिसरा भाग हक्कांचा. जे यंत्र आपण बनविणार त्यावर कोणाचे पेटंट आहे काय? जे नाव पिशवीवर छापणार ते दुसऱ्या कोणाचे व्यापारचिन्ह आहे काय? सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हे नाव कोणी व कोणत्या अटींवर वापरावे याचे नियम आहेत. दहा हजार पिशव्या छापून झाल्यावर हा प्रश्न उपस्थित होण्यापेक्षा त्यापूर्वी झालेला बरा.

चौथा भाग नियमांचा व प्रमाणांचा. कीडनाशकांचे अवशेष, शिशासारख्या धातूंचे प्रमाण, वेष्टनावरील मजकूर यांविषयी प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात व ते वेळोवेळी बदलतात. येथे जुने पुस्तक उपयोगी पडत नाही. नियम कोणत्या तारखेचा आहे हे पाहणे अगत्याचे असते.

पेटंटाचे कागद कसे वाचावे

उपरोक्त चार भागांपैकी पेटंटाचा भाग आपल्याकडे सर्वांत कमी परिचयाचा आहे, म्हणून त्याविषयी थोडे अधिक लिहिणे इष्ट वाटते.

जगातील पेटंटे विषयवार वर्गीकृत केलेली असतात. शेतीचा वर्ग ‘ए०१’ हा असून त्यातील ‘ए०१बी’ मध्ये नांगरणी-मशागतीची अवजारे, ‘ए०१डी’ मध्ये कापणीची यंत्रे येतात. फळे व भाज्या सोलण्या-धुण्याची यंत्रे ‘ए२३एन’ या वर्गात सापडतात. भाषा कोणतीही असली तरी वर्गाचा क्रमांक तोच राहतो. म्हणून जाणता ग्रंथपाल प्रथम शब्दांनी शोध घेतो, एखादे जुळणारे पेटंट हाती लागल्यावर त्याचा वर्ग पाहतो आणि मग त्या वर्गातील बाकीची पेटंटे चाळतो. युरोपीय पेटंट कार्यालयाचा ‘एस्पासनेट’ हा संग्रह इंटरनेटवर विनामूल्य असून त्यात पंधरा कोटींहून अधिक कागद आहेत. भारतीय पेटंटांचा शोधही पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य घेता येतो.

या कागदांचा उपयोग दुहेरी आहे. एक तर दुसऱ्याच्या हक्कावर अतिक्रमण टळते. दुसरे म्हणजे त्यांतून उपयुक्त ज्ञान फुकट मिळते. पेटंटाची मुदत सामान्यतः अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांची असते. मुदत संपल्यावर तो शोध कोणीही वापरू शकतो. तसेच पेटंट ज्या देशात दिलेले असते त्याच देशापुरते ते चालते. अर्थात केवळ परदेशात घेतलेले, भारतात न घेतलेले पेटंट येथे आड येत नाही. मात्र त्या यंत्राने काढलेला माल किंवा ते यंत्रच त्या देशात पाठवावयाचे असल्यास पुन्हा विचार करावा लागतो.

अवजारांत सुधारणा करणारे कल्पक शेतकरी आपल्या तालुक्यातालुक्यांत आहेत. त्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. पेटंट मिळण्यास शोध नवा असावा लागतो. आणि अर्ज करण्यापूर्वी तो स्वतःच जाहीर केल्यास त्याचे नावीन्य नष्ट होऊ शकते. केंद्र शासनाने राजपत्रात त्यासाठी अधिसूचित केलेल्या प्रदर्शनास कायद्यात बारा महिन्यांची सवलत आहे. गावच्या कोणत्याही कृषि-मेळाव्यास ती आपोआप लागू होत नाही. म्हणून अवजार मेळाव्यात मांडण्यापूर्वी अर्जाचा विचार करावा. तसेच भारतीय पेटंट कायद्याप्रमाणे शेतीच्या किंवा फळबागेच्या पद्धतीस पेटंट मिळत नाही, वनस्पती व बियाणे यांसही मिळत नाही. नव्या वाणांसाठी २००१ सालचा वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा स्वतंत्र आहे.

हळदीच्या पेटंटाचा धडा

छापील कागद जपून ठेवण्याचे आणि तो वेळेवर सापडण्याचे मोल किती, याचे उत्तम उदाहरण हळदीनेच घालून दिले आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याबद्दल पेटंट मिळाले. जखमेवर हळद दाबणे आपल्या घरोघरी चालत आलेले आहे, हे सांगावयास नकोच. परंतु अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्यात परदेशातील नुसती वहिवाट पुरावा म्हणून चालत नसे. छापलेला मजकूर दाखवावा लागे.

भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना १९९६ साली या पेटंटास आव्हान दिले. त्यासाठी बत्तीस संदर्भ शोधून सादर करण्यात आले. त्यांत संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथ होते. काही शंभर वर्षांहून जुने होते. भारतीय वैद्यक संघाच्या नियतकालिकात १९५३ साली आलेला एक निबंधही त्यांत होता. १९९७ साली अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने त्या पेटंटातील दावे अग्राह्य ठरविले. जुने ग्रंथ आणि मासिकांचे मागील अंक कोणीतरी जपून ठेवले नसते, तर कोट्यवधी घरांत ठाऊक असलेली गोष्ट सिद्ध करणे अवघड झाले असते. या अनुभवानंतर २००१ साली पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह तयार करण्याचे काम देशात हाती घेण्यात आले.

ग्रंथपाल काय करतो व काय करीत नाही

ब्रिटिश ग्रंथालयातील माहिती-तज्ज्ञ वाचकास कोणता संग्रह पाहावा, कोणते शब्द वापरावे, कोणता वर्ग-क्रमांक लावावा हे सांगतो. परंतु ‘हा धंदा करा’ किंवा ‘हे पेटंट तुम्हांस बाधत नाही’ असा निर्णय तो देत नाही. कायदेशीर सल्ला देणे त्याच्या कक्षेबाहेर आहे. त्यासाठी पेटंट-वकील असतो. ही मर्यादा विस्तार-कार्यकर्त्यांनीही पाळण्यासारखी आहे. माहिती पुरवावी, तिचा अर्थ समजावून द्यावा. भांडवल कोणी घालावयाचे, तो निर्णय ज्याचा त्याने करावा.

ग्रंथपालाचे खरे कौशल्य प्रश्न नेमका करून घेण्यात असते. ‘हळदीचा धंदा चालेल काय?’ या प्रश्नास जगातील कोणतेही ग्रंथालय उत्तर देऊ शकत नाही. ‘गेल्या पाच वर्षांत ब्रिटनने हळद किती घेतली, कोणत्या देशांकडून व सरासरी काय भावाने?’ या प्रश्नास उत्तर मिळते. पहिल्या प्रश्नाचे दुसऱ्यात रूपांतर झाले की अर्धे काम झाले असे समजावे.

सूची बंद पडली तेव्हा

ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश ग्रंथालयाच्या संगणक-यंत्रणेवर खंडणीखोरांनी हल्ला केला. ग्रंथ आपापल्या जागी सुरक्षित होते. पण सूचीच बंद पडल्यामुळे ते शोधणे दुर्घट झाले. मुख्य सूची वाचकांस शोधासाठी पुन्हा उपलब्ध झाली ती जानेवारी २०२४ मध्ये, आणि इतर सेवा पूर्ववत होण्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ लागला. वुडक्रॉफ्ट यांच्या कार्याचे महत्त्व या घटनेने उलट बाजूने पटवून दिले. आपल्या गटाची हिशेब-वही, गिऱ्हाइकांची यादी आणि चौकशीची टिपणे यांचीही एक प्रत निराळ्या ठिकाणी ठेवावी, हा यातील व्यावहारिक बोध होय.

आपल्याकडील सोयी

या सर्वांसाठी लंडनला जाण्याचे कारण नाही. नागपूर येथे १९८० साली पेटंट माहिती-केंद्र स्थापन झाले असून पेटंटविषयक कागदपत्रांचा संग्रह करणे व माहिती पुरविणे हाच त्याचा उद्देश आहे. मुंबईस पेटंट कार्यालयाची शाखा आहे. पुणे येथील गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय अर्थशास्त्रीय अहवाल व आकडेवारी यांसाठी प्रसिद्ध आहे. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषि विद्यापीठांत ग्रंथालये आहेत आणि त्या त्या विषयाचे तज्ज्ञही आहेत. जुन्या काळातील शेती, सारा व कापूस-व्यापार यांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी मात्र ब्रिटिश ग्रंथालयातील इंडिया ऑफिसचे दप्तर महत्त्वाचे आहे. ते १९८२ साली या ग्रंथालयाकडे आले आणि मुंबई इलाख्याचे पुष्कळ कागद त्यात आहेत.

कार्यकर्त्यांनी करावयाची कृती

१. गटाने यंत्राची मागणी नोंदविण्यापूर्वी किमान एक महिना चौकशीसाठी राखून ठेवावा.

२. बाजारपेठ, प्रतिस्पर्धी, हक्क व नियम या चार शीर्षकांखाली एका वहीत प्रश्न लिहून काढावेत. प्रत्येक प्रश्नात माल, प्रदेश आणि काळ यांचा उल्लेख असावा.

३. उत्तर मिळेल तेथे ते कोठून मिळाले व कोणत्या तारखेचे आहे याची नोंद करावी. मूळ ठिकाण माहीत नसलेला आकडा कर्जाच्या अर्जात लिहू नये.

४. यंत्र विकणाऱ्याने सांगितलेला नफा हा पुरावा मानू नये. तो प्रश्न समजून वहीत उतरावा आणि स्वतंत्रपणे पडताळावा.

५. इंग्रजीतील माहिती गटाच्या सभेत मराठीत वाचून दाखवावी. ज्यांचे भागभांडवल गुंतणार त्यांना ती समजलीच पाहिजे.

६. उत्तर प्रतिकूल आल्यास ते लपवू नये. शंभरांपैकी चाळीसच दाणे उगवले असे कळल्यावर आपण बियाण्यास दोष देत बसत नाही. ते पेरीत नाही, इतकेच.

अभ्यासासाठी प्रश्न

(अ) आपल्या गावातील एका मालाविषयी ‘हा धंदा चालेल काय?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याजोग्या पाच प्रश्नांत रूपांतर करा.

(आ) गावातील कोणा शेतकऱ्याने अवजारात केलेली सुधारणा पाहा. मेळाव्यात मांडण्यापूर्वी त्याने काय करावयास हवे?

(इ) हळदीच्या पेटंटाविरुद्ध घरोघरची वहिवाट का पुरली नाही व छापील कागद का उपयोगी पडला, हे गटाच्या सभेत समजावून सांगा.